रेसवरचा पाय

गाडीचं विचारलंत म्हणून सांगते. माझे वडील, अण्णा, गेल्यावर त्यांची जुनी ऑटोमॅटिक पिकअप मी चालवायला लागले. एकदा राजूरच्या बाजारात उभ्या गाडीचं इंजिन आपोआप वरखाली रेस व्हायला लागलं. मी खाली उतरून अण्णांच्या मेकॅनिकला, रफिकभाईंना, फोन लावला आणि बॉनेटजवळ धरला. अण्णा गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं.

ऐकून ते म्हणाले, "ताई, बिघाड काय न्हाई. अण्णा आत बसून रेस देतायत. त्यांचाच पाय हाय ह्यो."

सीट रिकामी होती. तरी मी खिडकीशी जाऊन म्हणाले, "अण्णा, पाय काढा."

इंजिन शांत झालं.

"काढला बघा," रफिकभाई म्हणाले. "त्यांना फोन द्या जरा, लई दिवसांत बोलणं न्हाई."

मी फोन खिडकीतून आत धरला.