फायरवॉलनं अडवलेली नात

आता काय, नातवंडं दिवसभर मोबाइलवर दिसतात. तेव्हा आमच्या बदलापूरच्या घरात उल्हासनगरहून जोडून आणलेला कॉम्प्युटर होता आणि मी हौसेनं त्यात फायरवॉल टाकला होता. कुठलाही प्रोग्राम इंटरनेटवर जायला निघाला, की हा राखणदार इंग्रजीत विचारायचा, अलाव की ब्लॉक? आई क्लासला जाऊन मेल वगैरे शिकलेली. तिचा नियम एकच, कळलं नाही की ब्लॉक.

ताईला सिंगापूरला मुलगी झाली. रविवारी वेबकॅमवर बाळ दाखवायचं ठरलं. आई ठेवणीतली साडी नेसून समोर बसली, पण चॅट काही लागेना. शेवटी ताईचा लँडलाइनवर फोन आला, "आई, बाळ झोपेल गं आता!" आई रडकुंडीला आली.

मी विचारलं, "मघाशी काही ब्लॉक केलंस का?"

"हो. कुठलंतरी डॉट ईएक्सई होतं. मला काय माहीत कोण ते!"

"अगं, तोच आपला चॅटचा प्रोग्राम!"

सेटिंगमध्ये शोधून मी त्याला अलाव केलं. स्क्रीनवर आधी नुसते चौकोन, मग ताई, मग तिच्या खांद्यावर जांभई देणारी पोरगी.

"जयभीम, आई," ताई म्हणाली. आई नुसतं स्क्रीनवरून बोट फिरवत राहिली.

कॉल संपल्यावर डोळे पुसत माझ्यावरच उखडली, "मग 'तुमची नात आलीय, आत घेऊ का?' असं सरळ विचारायला त्या मेल्याचं काय जात होतं?"