सत्कारात मिळालेले पांढरे दिवे

हे छापणार असाल तर पहिलं नाव कांबळेबाईंचं लिवा. काय झालं ते मी सांगतोच, पर बाईंचं नाव आधी आनी माझं मागनं. कांबळेबाई म्हंजे चंदगड तालुक्यातल्या एका शाळेत शिकवायच्या, घर हितं कोल्हापुरात, वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं बारीक, आवाजबी बारीक, आनी माझ्या गाडीत कायम पुढच्या सीटवर, खिडकीकडंला, कारण त्यांना गाडी लागायची. मागं बसल्या की पोटात ढवळायचं. त्या बाईनं माझ्यासाठी जे केलंय ते काय सांगू तुम्हाला, सख्खं माणूस करत न्हाय, आनी मला त्यांच्यासमोर उभं राहून आभारी हाय एवढंबी धड म्हणता आलं न्हाय.

मी हितला न्हाय. माझं गाव लातूरकडं, हमरस्ता सोडून आत. नाव बालाजी, आमच्याकडं गल्लीत चार बालाजी सापडतील. सातवीत शाळा सुटली, आईबाबाबरोबर ऊसतोडीला ह्या भागात आलतो, टोळी माघारी गेली आनी मी ऱ्हायलो, एका गॅरेजात गाड्या धुवायला. तितंच स्टेरिंग हातात आलं. हे व्हय-न्हाय, हे गेलतो-आलतो समदं हितलं, आता तोंडात बसलंय, पर आधी ‘का’च्या जागी आमच्याकडचं कामून म्हणलो की गॅरेजातली माणसं हसायची, मग मी बोलणंच कमी केलं. कुणी काय विचारलं की व्हय म्हणायचं. परक्या गावात व्हय म्हणणारा माणूस टिकतोय असं मला वाटायचं, आजून वाटतंय, खोटं कशाला सांगू.

तर गाडी. गाडी मालकाची, मी ड्रायव्हर. जीप मोठी, आनी शिक्षक लोकांचा एक ग्रुप ठरलेला. रविवारी संध्याकाळी त्यांना कोल्हापुरातनं उचलायचं, चंदगडला सोडायचं, आठवडाभर ती तितं खोल्या घेऊन ऱ्हात्यात, शनिवारची सकाळची शाळा सुटली की दुपारी माघारी आणायचं. मधल्या दिवसात मालक सांगंल ती भाडी, पुनवेला नृसिंहवाडी, कुणाचं लग्न, कुणाचं दवाखान्याचं. ग्रुपचे म्होरके पाटीलसर. मोठा माणूस, आवाजानं मोठा आनी मनानंबी मोठा, हे मी आधीच सांगून ठेवतो, म्हंजे पुढचं ऐकून तुम्ही त्यांना वाईट म्हणू नये. माझ्या बहिणीच्या लग्नाला न मागता साड्या पाठवल्या हुत्या ह्या माणसानं.

पावसाळ्याच्या तोंडाला पाटीलसरांच्या मनात आलं की बालाजीचा सत्कार करायचा. इतकी वर्षं ह्यानं आपल्याला सुखरूप नेलं-आणलं, कुणाला खरचटलं न्हाय, आपण त्याला काय दिलं? कोल्हापुरात सत्काराला काय लागतंय, एक माणूस पायजे आनी एक फेटा. पर सर म्हणले नुसती शाल नको, कामाची वस्तू द्यायची. गाडीचे दिवे पार मंद झालेले, कंदिलागत, तर नवीन दिवे बसवून द्यायचे.

रविवारी दुपारनं समदी गाडी सजवायच्या दुकानापुढं जमली. मला फेटा बांधला, नारळ दिला, सरांनी भाषण केलं, रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली, कुणाचा वाढदिवस म्हणून. सरांनी माझाच फोन घेऊन गावाकडं आयला लावला, तोंड दिसतंय तसला फोन, आनी आयनं मला फेट्यात बघितलं आनी रडायलाच लागली. म्हणली, आता माझा जीव खाली पडला, लेकरू चांगल्या माणसांत हाय.

मग दुकानदारानं तीन डबे काढले. एकावर चार हजार तीनशे, एकावर सहा हजार, एकावर आठ हजार. मला वाटलं जेवढा आकडा मोठा तेवढा उजेड जास्त. तसं नसतंय, ते मला मागनं कळलं. तो आकडा किमतीचाबी न्हाय, उजेडाच्या रंगाचा. खालचा आकडा पिवळसर, मधला पांढरा, वरचा निळसर पांढरा, चांदण्यागत. दुकानदारानं एकेक दिवा समोरच्या बंद शटरवर मारून दाखवला. पिवळसर लागला तवा कोण काय बोललं न्हाय. निळसर पांढरा लागला आनी समदी वा वा करायला लागली, खरंच, डोळ्याचं पारणं फिटावं असा उजेड, शटरवरचं गंजाचं टिपूसबी दिसावं. चौगुलेसर म्हणून एक जवान शिक्षक हायत, सारखी चेष्टा, ते म्हणले बालाजी, आता तू गाडी चालवत न्हाईस, विमान चालवतोयस. दुकानदारानं मला विचारलं, पावणं, तुम्ही कुठं फिरवताय गाडी, तुम्हाला कुठला बरा वाटतोय? मी पाटीलसरांच्या तोंडाकडं बघितलं. म्हणलं सर म्हणतील तो. सरांनी आठ हजारवाला डबा उचलला, टाळ्या झाल्या, नारळ दुकानापुढंच फोडला.

आता त्यात चूक कुणाची म्हणायची? शटर कोरडं, गल्ली कोरडी. तितं कुणीबी तोच उचलला असता.

त्याच संध्याकाळी ग्रुप घेऊन निघालो, चंदगडच्या वाटंवर नेसरी सोडली आनी पाऊस लागला. काळं डांबर वलं झालं की तो पांढरा उजेड पिऊनच टाकतंय, खाली काय दिसतच न्हाय. आनी पुढं धुकं लागलं. चंदगडचं धुकं म्हंजे खाली उतरलेला ढगच. त्यात तो निळसर पांढरा उजेड मारला की पुढं जातच न्हाय बघा, माघारी येतोय, आपल्याच डोळ्यात. पुढं चुना मारलेली भिंत उभी केल्यागत. मी छाती स्टेरिंगला टेकवून, काचंला नाक लावून चाललोय, आनी मागं गाण्याच्या भेंड्या. पाटीलसर मागनं, काय बालाजी, चांदणं पडलंय का न्हाय? मी म्हणलो व्हय सर, लय भारी.

मग एका वळणावर भिंतीत खाली काळं दिसलं. मला वाटलं रस्ता दिसला. जिवात जीव आला, म्हणलं हे डांबर, हेच धरायचं. आनी तो रस्ता हलला. गवा हुता. माझ्या बॉनेटएवढी पाठ त्याची. ब्रेक मारला, गाडी थोडी आडवी झाली, थांबली. गव्यानं मान वळवून बघितलं, त्याच्या नाकातनं वाफा निघालेल्या, मग तो सावकाश उतरला खाली, झाडीत. मागनं चौगुलेसर, काय रं, खड्डा व्हय? मी म्हणलो व्हय सर, खड्डा. भेंड्या परत सुरू झाल्या. फक्त कांबळेबाईंनी बघितलं हुतं. त्यांचा हात डॅशबोर्डावर तसाच टेकलेला, चंदगड येईपतोर त्यांनी काढला न्हाय.

बाईंची खोली सगळ्यात शेवटी. बाकीची उतरली, गाडीत आम्ही दोघंच, तवा बाई म्हणल्या, बालाजी, तुला दिसत न्हाई ना? मी म्हणलो दिसतंय की बाई. त्या म्हणल्या, मी तुझ्या आईच्या जागी हाय, खरं बोल. आनी मला रडूच आलं, काय सांगू. म्हणलो बाई, मी काय करू, सरांनी फेटा बांधलाय, आयनं गावभर सांगितलंय, मालकाला इचारावं काढू का तर मालक म्हणणार मास्तर लोकांनी हौसेनं दिलंय, काढलंस तर ग्रुप जाईल आनी ग्रुपबरोबर तूबी जाशील. मी कुठं जाऊ? बाईंनी पिशवी आवरली. मग म्हणल्या, तू काय बोलू नको. मी बघते.

पुढच्या रविवारी अंधार पडल्यावर बाईंनी सरांना सांगितलं, सर, हा पांढरा उजेड माझ्या डोळ्यांना सोसत न्हाई, डोकं उठतंय, आपण पिवळसर बसवू या. सरांचं तोंड उतरलं. चौगुलेसर म्हणले, बाई, गॉगल घाला की, रात्रीचं कोण बघतंय! समदी हसली. सर म्हणले, बाई, दिवे चांगले हायत, सगळ्यांना आवडल्यात. तुम्हाला त्रास होतोय तर तुम्ही मागं बसा, तितं उजेड येत न्हाय. आनी गाडी बाजूला घ्यायला लावली.

मला वाटलं आता बाई म्हणतील, नको, मला मागं उलटी होती. समद्यांना ठावं हुतं ते. पर तसं म्हणल्या असत्या तर सर म्हणले असते मग पुढंच बसा, आनी दिव्यांचा विषय तिथंच मिटला असता. बाई उतरल्या, पदर खोचला, आनी मागच्या आडव्या बाकड्यावर जाऊन बसल्या. पुढं सर येऊन बसले. सर पोटभर जेवून निघायचे, संकेश्वर यायच्या आत घोरायला लागायचे, त्यांना धुकं कशाला दिसतंय.

तवापासनं दर रविवारी तेच. धुकं दाट आलं की मागनं बाईंचा बारीक आवाज, बालाजी, थांबव रे. मी गाडी कडंला घ्यायचो, बाई छत्री घेऊन पावसात उतरायच्या, गुडघ्यावर हात ठेवून वाकायच्या. बराच वेळ. धुकं जरा विरळ झालं की पाणी पिऊन परत यायच्या, चल म्हणायच्या. दोन-तीन रविवार गेल्यावर माझ्या ध्येनात आलं, बाई बरोबर तितंच थांबवत्यात जितं मला काय दिसत न्हाय. त्यात खरी उलटी किती आनी सोंग किती, मला आजून ठावं न्हाय. खरी असणारच, तोंड पार पांढरं पडलेलं असायचं. मी आरशातनं बघायचो. एकदा म्हणलो, बाई, मी सांगतो सरांना, तुमचं हाल बघवत न्हाईत. त्या म्हणल्या, आता तू बोललास तर मी खोटी पडते. गप बस. मी गप बसलो. दुसरं येतंय काय मला.

शेवटी ग्रुपच वैतागला. पोचायला दर रविवारी उशीर, जेवणं गार. चौगुलेसर म्हणले, असंच थांबत गेलो तर सोमवारची प्रार्थना गाडीतच घ्यावी लागंल. आनी एका रविवारी पाटीलसरांचीच झोपमोड झाली, सर ओरडले, आरं बदला ते दिवे एकदाचे आनी बाईंना पुढं बसवा! झालं. एवढ्यावर झालं. दिवे बदलले, पर कुणाला कळलं न्हाय कशासाठी.

दुकानात बाई स्वतः आल्या माझ्याबरोबर. दुकानदार म्हणला, काय पावणं, आज फेटा न्हाय व्हय? बाई म्हणल्या, पाऊस आनी धुक्यात कुठला चालतो तो द्या. त्यानं चार हजार तीनशेचा डबा काढला, म्हणला मी त्या दिवशीच विचारलं हुतं ह्यांना, कुठं फिरवताय. पांढरे दिवे पाटीलसरांनी आपल्या गाडीला लावले, आनी कोल्हापुरात ते लय झ्याक दिसत्यात, आजूनबी.

पिवळसर दिव्यानं धुकं जातंय असं न्हाय. धुकं कुणाच्या बापाचं ऐकत न्हाय. पर उजेड डोळ्यात येत न्हाय, रस्त्याची कड दिसती, पांढरा पट्टा दिसतो, बाजूचं गवत दिसतं. तेवढ्यावर गाडी चालती. पहिल्या रविवारी बाई पुढं बसल्या हुत्या. मी म्हणलो बाई, दिसतंय. त्या म्हणल्या, मला सांगू नको, पुढं बघ.

पर बाईंचं नाव पडलं ते पडलंच. नाजूकबाई. बाई उतरल्या की मागं चालायचं, ह्यांचे नखरे, ह्यांच्या पायी सरांची भेट काढावी लागली. ड्रायव्हरला समदं ऐकू येतंय. माझ्या घशापतोर यायचं की उलट्या माझ्यासाठी काढल्यात त्या बाईनं, तुमच्यासाठीबी काढल्यात, आनी मी गिअर बदलायचो. मग बाईंची बदली झाली, मुरगूडकडं. निरोपाला पाटीलसरांनी भाषण केलं, बाईंच्या उलट्यांची गंमत सांगितली, हॉल हसला, बाईबी हसल्या. मी दारात त्यांची पिशवी धरून उभा. सरांनी मला हाक मारली, बालाजी, तूबी बोल दोन शब्द बाईंबद्दल. मी हात जोडले.  बाईंनी लांबनंच मान हलवली, नको म्हणून.

आता गाडी तीच हाय, दिवे तेच, ग्रुपात नवीन माणसं आल्यात. बाई मुरगूडला एसटीनं जात्यात. हे तुम्ही छापलं आनी पाटीलसरांनी वाचलं तर काय होईल ह्याचा मला घोर हाय, झोप लागायची न्हाय मला आज. पर छापा. सरांनी राग मानू नये, त्यांनी दिलं ते मायेनं दिलं.

बाई एकदा गाडीत म्हणल्या हुत्या, त्यांच्या म्हाताऱ्या आईला नागपूरला दीक्षाभूमीवर न्यायचं हाय, पर तिला रेल्वेची गर्दी सोसत न्हाय. माझी सवताची गाडी व्हईल का, कवा व्हईल, मला ठावं न्हाय. पर भाड्यानं घेऊन का हुईना, त्या दोघींना मी नेणार. सावकाश नेणार, दिवसाउजेडी नेणार. लातूरवरनंच वाट जाती, तितं आत वळून माझ्या घरी दोघींना चहाला नेणार, आनी आयला म्हणणार, फेटा बांधलेला तू बघितलास, आता ह्यांना बघ, ह्या कांबळेबाई. एवढं मी करणार बघा, बाई. तुम्ही फकस्त व्हय म्हणा.