पेणकरांकडचे चार प्रश्न

हसू नका, पण पंचेचाळिसाव्या वर्षी मी एकदा घरातलं सगळ्यात लहान मूल झालो होतो.

घरोघरी केबल लागली, त्या सुमाराची गोष्ट. दिल्लीत आर. के. पुरमला आमच्या वरच्या मजल्यावर पेणकर राहायचे, बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. वल्हांडण सणाला जेवणाआधी धाकट्यानं चार प्रश्न विचारायचे आणि थोरल्यानं मोशेनं ज्यूंना मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सोडवल्याची गोष्ट सांगायची, ही त्यांची रीत. दोन्ही मुलं परदेशी गेलेली.

काकू म्हणाल्या, “यंदा विचारणार कोण? तुम्ही याल?”

त्यांचं मराठी प्रार्थनापुस्तक आणून मी आठवडाभर वाचलं. त्या संध्याकाळी चार प्रश्न विचारले, मग वही उघडून माझ्या शंका काढल्या. नवव्या शंकेला काकांनी पुस्तक मिटलं.

“अहो, मोशेबरोबर तुमच्यासारखा एक जण असता, तर आम्ही अजून मिसरमध्येच असतो! अगं, वाढ यांना आधी!”