बोयाला राहिलेला वळसा

मंडळी, बसा, बसा. उठू नका. मला भाषण येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आयुष्यात माइकसमोर एकदाच उभा राहिलोय, माझ्या लग्नात, चर्चमध्ये. तिथे फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. तेही दुसऱ्यांदा विचारल्यावर म्हणालो.

मी पास्कल. मरोळ गावठाणातला. नाहूरच्या या तुमच्या सोसायटीत मला ‘सदाचा जाड्या दोस्त’ म्हणून ओळखतात. शर्यतीच्या शिडाच्या बोटीत आम्ही दोघंच असायचो. सदा सुकाणू धरायचा, मी वजन धरायचो.

आज सदा परबला जाऊन बारा दिवस झाले. साधी कावीळ म्हणत होते सगळे, आणि बघता बघता गेला. समोर फोटो आहे, हार आहे. हा फोटो मला बघवत नाही, म्हणून मी तुमच्याकडे बघून बोलतोय. तुमच्याकडे बघणंही सोपं नाही. का, ते सांगतो.

आत्ता चेअरमन नाबरसाहेब फार छान बोलले. सदा दोनदा देशाचा अजिंक्य कसा झाला, ते बोलले. मग शेवटी म्हणाले, “तिसऱ्या वर्षी कैलासवासी सदानंदच्या हातून तो बोयाचा प्रमाद घडला नसता, तर आज आपलं कपाट रिकामं राहिलं नसतं.” साहेब, बसा, मी तुमच्यावर चिडलो नाहीये. तुमची चूक नाही. सहा वर्षं ही अख्खी सोसायटी हेच बोलतेय. पोरं त्याला ‘बोयाकाका’ म्हणायची. दूधवाला म्हणायचा, बोयाकाकांकडे एक लिटर. आणि सदा हसून पातेलं पुढे करायचा.

त्या बोयाबद्दल मला बोलायचंय.

पण आधी थोडं मागून सांगतो, नाहीतर तुम्हाला कळणार नाही. सदा माझ्याबरोबर मरोळच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होता. कुलाब्याच्या एका क्लबात कुणाच्या तरी बोटीच्या डोलकाठीचं लोखंड मोडलं, ते बसवायला गेला. बसवलं, आणि म्हणाला, “साहेब, चालवून बघू?” साहेबाला वाटलं गंमत करतोय. अहो, मालवणचा माणूस, बापजाद्यांनी समुद्र कोळून प्यायलेला! तासाभराने परत आला तेव्हा साहेब जेटीवर तोंड उघडं टाकून उभा. शर्यतीला बोट त्याचीच मिळाली. दुसऱ्या दिवशी सदा लेथवर माझ्या कानात म्हणाला, “पास्कल, माका वजन व्हया. येतंस?”

तुम्ही लोकांनी तेव्हा आम्हाला काय काय विचारलंत, आठवतंय? शिडाच्या बोटीची शर्यत? इंजिन नाही? मग मागून ढकलतं कोण?

आणि सराव कुठे करायचा? रविवारी समुद्रावर. बाकीचे सहा दिवस सदाच्या पलंगावर. हसताय काय! बोट वाऱ्याने एका बाजूला कलायला लागली की दोघांनी पाय पट्ट्यात अडकवून उलट्या बाजूला पाण्यावर लटकायचं असतं. पाय आत, बाकी सगळं बाहेर. सदाने पलंगाला सायकलच्या ट्यूबचे पट्टे ठोकले होते. त्यात पाय अडकवून आम्ही दोघं मागे झुकायचो, आणि माझं डोकं थेट सुनंदावहिनींच्या स्टोव्हपाशी. वहिनी, आठवतं ना? तुम्ही माझ्या कपाळावरून हात लांब करून चहा गाळायच्यात. एकदा म्हणालात, “भावोजी, समुद्रात तरी मी नसते हो, तिकडे जाऊन लटका.”

वारा बघायला त्याला यंत्र लागायचं नाही. समोरच्या गॅलरीतलं सावंतकाकूंचं लुगडं बघायचा. लुगडं नुसतं हललं तर, “आज पोटात श्वास घे, हलको हो.” लुगडं फडफडलं तर, “आज भरपूर जेव.” काकू, तुम्हाला वाटायचं हा माणूस रोज आपल्या गॅलरीकडे बघतो. तुम्ही नवऱ्याला सांगितलंतही. बिचारा सदा भर जिन्यात वारा कसा वाहतो ते समजावत होता.

पहिल्या वर्षी जिंकलो. दुसऱ्या वर्षी जिंकलो. कप फिरता होता. लागोपाठ तीन वर्षं जिंकला तर कायमचा घरी. सोसायटीने काचेचं कपाट करून घेतलं. आयेने, सदाच्या आईने, कौतुकाने कप चिंच लावून घासला. वरची चांदी गेली, आतून पितळ बाहेर आलं! परत करताना क्लबवाले बघतच राहिले. मी म्हणालो, सदा, समुद्राच्या हवेने झालं म्हणून सांगू. तो सरळ जाऊन सांगून आला, “आयेन घासल्यान.” असा माणूस. खोटं बोलायची सोय ठेवायचाच नाही.

आता तिसरं वर्ष.

त्या वर्षी सदा मला म्हणाला, “पास्कल, यंदा वारो कमी असतलो. सात किलो उतरव.” मी म्हटलं, झकास, उतरवतो. दर शनिवारी वर्कशॉपच्या डिस्पॅच खात्यातल्या काट्यावर तो माझं वजन करायचा, जिथे खोकी मोजतात तिथे. आणि दर शनिवारी माझं वजन कमी भरायचं. सदा खूश. आता ऐका. त्या काट्याला लागून भिंत होती. मी उभा राहिलो की डावं कोपर हळूच भिंतीला टेकवायचो. सात किलो मी नाही उतरवले, मंडळी. सात किलो भिंतीने धरले होते.

आला शर्यतीचा शेवटचा दिवस. आम्ही पुढे होतो. शेवटचा बोया. बोया म्हणजे पाण्यावर तरंगणारा मोठा नारिंगी फुगा. त्याला डाव्या हाताला ठेवून वळायचं आणि सरळ शेवटच्या रेषेकडे निघायचं. आणि नियम असा की बोयाला स्पर्श झाला, बोटीचा होवो, शिडाचा होवो, माणसाच्या कुठल्याही अंगाचा होवो, तर परत त्याला पूर्ण वळसा घालायचा. रेफरी शिट्टी मारत नाही. ज्याचा त्याने घालायचा.

सदाने बोट अशी वळवली, अशी वळवली, की लोणी कापावं. बोयापासून वीतभर अंतर. सात किलो कमी असलेल्या पास्कलसाठी ते अंतर बरोबर होतं. पण त्याच क्षणी वारा आला, आम्ही दोघं डाव्या बाजूला बाहेर लटकलो, आणि माझी… आता बायका बसल्यात, कसं सांगू… माझी बैठक त्या बोयाला घासली. सदाची नाही. बोटीची नाही. माझी.

सदा ओरडला, “पास्कल, लागला!”

मी म्हटलं, “गप यार, कोण बघतंय? पंचांची लाँच शिडाच्या पलीकडे आहे!”

“बोयान बघल्यान.”

“सदा, कप जाईल रे!”

तो म्हणाला, “माका म्हायत, तुका म्हायत. आनी कोण व्हयो?” आणि सुकाणू फिरवलं. परत अख्खा वळसा. तेवढ्यात कलकत्त्याची जोडी बाजूने निघून गेली. आम्ही हातभर अंतराने हरलो. हातभर, मंडळी.

किनाऱ्यावर सगळे विचारायला धावले, काय झालं? मी तोंड उघडणार, त्याआधी सदा म्हणाला, “माझ्याकडून लागला.” एवढंच.

आणि मी गप्प बसलो.

भीती वाटली, लाज वाटली. म्हटलं, उद्या सांगतो. उद्यापर्यंत त्याचं नाव बोयाकाका झालं होतं. म्हटलं, गणपतीत सांगतो. गणपतीत नाबरवहिनींनी मला लाडवांचा डबा दिला. का? तर बिचारा पास्कल, सदामुळे हरला! आणि मी ते लाडू खाल्ले. सगळे खाल्ले. तुमच्या कपाटात त्या कपाच्या जागी आज कॅरमची पावडर आणि आरतीची पुस्तकं आहेत, ती माझ्यामुळे आहेत. सहा वर्षं माझ्या मित्राने माझ्या वाट्याचं नाव अंगावर वागवलं. वहिनी, तुमच्याशीही मी खोटा वागलो. सभा संपली की काय मारायचं ते मारा, मी इथेच आहे.

तीन आठवड्यांपूर्वी मी सांगायला म्हणून त्याच्याकडे गेलो. त्याच पलंगावर पिवळा होऊन पडला होता. मी म्हटलं, “सदा, तो बोया…”

त्याने डोळे उघडले नाहीत. म्हणाला, “त्या डिस्पॅचच्या भिंतीक पण एक मेडल देवक् व्हया होता.”

माझी वाट लागली. त्याला माहीत होतं! पहिल्या शनिवारपासून माहीत होतं. म्हणे, त्याला वाटायचं निदान तीन-चार किलो तरी खरे उतरले असतील. मी म्हटलं, “मग बोलला का नाहीस रे? अख्ख्या नाहूरने तुझी टर उडवली!”

म्हणाला, “बोललंय असतंय तर तू लाजान परत बोटीत येवचंस नाय. दुसरो गडी मी खय सोधू?”

बस. एका गड्यासाठी. माझ्यासारख्या गड्यासाठी. मी तिथे रडलो, आणि तो म्हणाला, “रडा नको, वजन कमी होतला.”

तर मंडळी, आता आपण सगळे उभे राहू आणि दोन मिनिटं शांत राहू. पण त्याआधी माझं एक काम राहिलंय. त्या दिवशी वळसा बोटीने घातला, तो सदाचा. चूक ज्याची, त्याचा वळसा राहिलाय. म्हणून मी आता या फोटोच्या टेबलाला एक फेरी मारतो. प्रदक्षिणा देव उजव्या हाताला ठेवून घालतात, मला ठाऊक आहे, इतकी वर्षं तुमच्यात आहे. पण बोया डाव्या हाताला ठेवतात. भटजी, माफ करा.

टेबलामागे जागा कमी आहे. नाबरसाहेब, खुर्ची जरा ओढून घ्या. एका बाजूला सदा, दुसऱ्या बाजूला भिंत, आणि मधून मी.

सदा, बघ हं. पोट आत घेतलंय. टेबलाला लागू देत नाही. आणि भिंतीला कोपर टेकवत नाही.

उभे राहा, मंडळी.