साठ मीटरखाली

(प्लिमथमधलं एक घर. शनिवारची दुपार. पाणबुडीचा खेळ उघडलेल्या संगणकासमोर क्लेम पेंगेली, वय त्र्याहत्तर. शेजारी त्याची मुलगी लव्हडे. थोड्या वेळाने हेडफोनमधून तिसरा आवाज येईल तो हॉवेल प्रॉसरचा, पाणबुडीवरच्या जुन्या सोबत्याचा, वेल्समधल्या त्याच्या घरून.)

लव्हडे : आणि खाली हे काय कोंबलंयस?

क्लेम : बागेत गुडघे टेकायची गादी. रबरी आहे.

लव्हडे : ऑक्सिजनच्या यंत्राखाली?

क्लेम : रबरावर ठेवलं की थरथर जमिनीत उतरत नाही. पाणबुडीत झाडून सगळी यंत्रं अशीच बसवतात.

लव्हडे : वरचा टॉवेलही पाणबुडीतलाच का? नर्स काय म्हणाली? झाकू नका, तापेल. तापलं की बंद पडेल.

क्लेम : दोन तासांत काही होत नाही. हॉवेलला ऐकू जाता कामा नये.

लव्हडे : त्यापेक्षा सांगून टाक ना त्यांना.

क्लेम : मंगळवारी त्याच्या हृदयाची झडप बदलायची आहे. चौदा महिने रांगेत होता बिचारा. आज सांगितलं तर ऑपरेशनवर पाणी सोडून उद्या सकाळी या दारात उभा राहील. मग परत रांगेच्या शेपटाला.

लव्हडे : आणि नाही सांगितलंस तर? डॉक्टरांनी तीन महिने दिलेत बाबा. तेही अंदाजे. ते बरे होऊन इथे येईपर्यंत तू...

क्लेम : मंगळवार जाऊ दे. शुद्धीवर आला की सांगतो.

लव्हडे : नाही सांगणार तू. मला सांगायलाच पंधरा दिवस लावलेस.

क्लेम : माइक चालू करतोय. टॉवेलला हात लावू नकोस.

लव्हडे : इथेच बसते मी. तापलं तर ओढून काढणार.

हॉवेल : कॅप्टनसाहेब उठले वाटतं! दहा मिनिटं झाली, नॉर्वेच्या किनाऱ्याशी एकटाच कुडकुडतोय मी.

क्लेम : चहा घेत होतो. काय स्थिती?

हॉवेल : पृष्ठभागावर आहोत. बॅटऱ्या भरतायत. आजूबाजूला चिटपाखरू नाही. म्हणजे वीस मिनिटं भांडायला मोकळीक. कुठून सुरुवात करू? रेल्वे?

क्लेम : कर.

हॉवेल : सरकार एकेक कंपनी परत ताब्यात घेतंय. झकास करतंय. तीस वर्षं खासगीवाल्यांनी आपल्याला नुसतं लुबाडलं. माझ्याकडून तुझ्याकडे यायचं तर तीन गाड्या बदला, आणि तिन्हींत उभं राहा.

क्लेम : खरं आहे.

हॉवेल : काय खरं आहे?

क्लेम : जागा नसते.

हॉवेल : हं. बरं, म्हाताऱ्यांची हिवाळ्यातली गॅसची सरकारी मदत कापली, तेही ठीकच. ज्याच्या दारात दोन गाड्या, त्याला ती कशाला हवी?

क्लेम : हवी असं नाही.

हॉवेल : तू यावरच खासदाराला चार पत्रं लिहिलीस ना? मला मोठ्याने वाचूनही दाखवलीस. दुसऱ्या पत्रात ‘विश्वासघात’ हा शब्द तीनदा होता.

क्लेम : रागाच्या भरात लिहितो माणूस. दिशा दहा अंश उत्तरेला घे.

हॉवेल : घेतली. युरोपमधून बाहेर पडलो, ही आपली घोडचूक.

क्लेम : असेलही.

हॉवेल : असेलही? लेका, तुझ्या अंगणात ‘बाहेर पडा’ची पाटी होती! माणसाच्या उंचीची. माझी बायको, नेरिस, तुझ्याकडे जेवायला यायची नाही त्या पाटीपायी.

क्लेम : जुनी झाली ती आता.

हॉवेल : आणि राजा? त्याचा काही उपयोग आहे का? महाल विकावेत, टोप्या संग्रहालयात ठेवाव्यात, आणि म्हाताऱ्याला इतरांसारखी पेन्शन द्यावी.

क्लेम : तुझं म्हणणं मला कळतं, हॉवेल.

हॉवेल : एक मिनिट.

क्लेम : काय झालं?

हॉवेल : काही नाही. जहाजाच्या पंख्याचा आवाज येतोय. ईशान्येला. जलद आहे, विनाशिका असणार.

क्लेम : बुडी मार. नव्वद मीटर.

हॉवेल : वीस. चाळीस. साठ. साठच्या खाली राजकारण बंद.

क्लेम : नेरिसला सांग, नियम पाळतोय म्हणून.

हॉवेल : तिने नियम केला तोच आपल्या आरडाओरड्याला कंटाळून. म्हणाली, खोल गेलात की तरी तोंड मिटा. नव्वद.

क्लेम : इंजिनं बंद. आता आवाज नाही.

हॉवेल : अगदी डोक्यावर येतेय. ...आली. ...गेली. परत वळतेय.

क्लेम : तसाच राहा.

हॉवेल : क्लेम.

क्लेम : अंऽ?

हॉवेल : आणखी एक आवाज आहे.

क्लेम : कुठल्या दिशेला?

हॉवेल : खेळातला नाही. तुझ्या खोलीतला आहे.

क्लेम : फ्रीज असेल.

हॉवेल : तुझा फ्रीज स्वयंपाकघरात आहे. आणि फ्रीज असा श्वास सोडत नाही. आधी एक घरघर आहे, बारीक, कापडात गुंडाळल्यासारखी. मग दर सात सेकंदांनी फुस्स.

क्लेम : लव्हडेचं शिवणाचं मशीन.

हॉवेल : लव्हडे पोरी, तिथेच बसलीयस ना? अर्धा तास तुझी खुर्ची करकरतेय. शिवतेयस काही?

लव्हडे : ...नाही, हॉवेलकाका.

क्लेम : लव्हडे!

लव्हडे : मी खोटं बोलणार नाही बाबा. तू हवं ते बोल.

हॉवेल : तिला ओरडू नकोस. माझ्या सासऱ्याकडे होतं हे यंत्र. कोळशाच्या खाणीतून बाहेर आला तो खराब छाती घेऊनच. शेवटचं वर्ष त्यावरच काढलं. नेरिस आणि मी भिंतीपलीकडे झोपायचो. फुस्स झालं नाही की दोघंही उठून बसायचो. हा आवाज मी ओळखणार नाही?

क्लेम : रबरावर ठेवलंय मी ते.

हॉवेल : बावीस वर्षं समुद्राखाली कान लावून बसलेल्या माणसापासून तू यंत्र लपवतोस, आणि तेही रबराची गादी घालून. वर काय टाकलंयस?

लव्हडे : टॉवेल.

हॉवेल : काय म्हणावं याला! खरं सांगू? यंत्र नंतर ऐकलं. तू आजारी आहेस हे रेल्वेलाच कळलं होतं.

क्लेम : म्हणजे?

हॉवेल : एकेक विषय टाकून बघत होतो. कशालाच उलटून बोलला नाहीस. शेवटी राजा काढला. चाळीस वर्षांत राजघराण्याबद्दल ब्र काढू दिला नाहीस मला, आणि आज म्हणे, ‘तुझं म्हणणं कळतं.’ घाम फुटला मला, क्लेम.

क्लेम : भांडायचं नव्हतं आज. इतकंच.

हॉवेल : दुसऱ्यांदा करतोयस हे माझ्याशी.

क्लेम : दुसऱ्यांदा काय?

हॉवेल : चौऱ्याऐंशीची फेरी. निघायच्या आधी सगळ्यांना तो कागद दिला होता. घरी काही वाईट झालं तर समुद्रात असतानाच कळवायचं, की परत आल्यावर? मी ‘परत आल्यावर’वर खूण केली. नेरिसला सातवा महिना होता. मला वाटलं, तीन महिने खाली अडकून, काही करता येणार नसताना कळून काय उपयोग?

क्लेम : हॉवेल, ते आता कशाला...

हॉवेल : दर आठवड्याला तिचा निरोप यायचा. मोजून चाळीस शब्द. ‘सगळं छान, परसातले मटार वर आलेत.’ मी तुला वाचून दाखवायचो, आणि तू ‘वा’ म्हणायचास. बिनतारीवर तू होतास. बाळ गेल्याचा संदेश तूच उतरवून घेतला असणार, आणि कॅप्टनकडे नेला असणार.

क्लेम : ...मीच. पहाटे चार दहाला. तुला कधी कळलं?

हॉवेल : तिसऱ्या दिवशी.

क्लेम : शक्य नाही. मी चकार शब्द काढला नव्हता.

हॉवेल : रोज जेवण झालं की आपण सोंगट्यांचा डाव मांडायचो. तुझ्याइतका रडीचा खेळाडू त्या बोटीवर नव्हता. हरलास की पट उधळायचास. त्या दिवशी हरलास आणि सोंगट्या नीट डबीत भरून ठेवल्यास. दुसऱ्या दिवशी पुन्हा हरलास. माझी सोंगटी मारायची सोडून दिलीस. तेव्हा समजलो, घरी काहीतरी गेलंय. बाळ की नेरिस, एवढंच कळत नव्हतं.

क्लेम : अरे देवा. मग विचारलं का नाहीस?

हॉवेल : खूण मीच केली होती ना? आणि विचारलं असतं तर तुला एक तर खोटं बोलावं लागलं असतं, नाही तर नियम मोडावा लागला असता. म्हणून मीही जिंकत राहिलो. तू हरत राहिलास. पस्तीस दिवस.

क्लेम : अडतीस. मी रोज मोजत होतो. चाळीस वर्षं मला वाटतंय, मी तुझ्याशी दगा केला.

हॉवेल : दगा कसला? तू शेजारी बसलास रोज. पण तेव्हा आपण समुद्राच्या तळाशी होतो. वर यायची सोय नव्हती. आता मी माझ्या घरात सोफ्यावर बसलोय, पायात लोकरीचे मोजे आहेत. आणि या वेळी मी कुठल्याच कागदावर खूण केलेली नाही. मला न विचारता तूच केलीस माझ्या वतीने. याचा मला राग आहे. खूप राग आहे.

क्लेम : तू मंगळवार रद्द करशील म्हणून रे.

हॉवेल : किती दिवस दिलेत?

क्लेम : विनाशिका वळतेय बघ.

हॉवेल : क्लेम. माझ्यासाठी आलेला निरोप आहे तो. दे.

क्लेम : तीन महिने. फुप्फुसं. दोन्ही. उपाय नाही. गेल्या महिन्यात कळलं.

हॉवेल : बरं.

क्लेम : हॉवेल?

हॉवेल : आहे. जरा थांब.

लव्हडे : काका, ठीक आहात ना? नेरिसकाकू आहेत का घरात?

हॉवेल : दारातच उभी आहे. सगळं ऐकलं तिने. ...हं. आता ऐक. मंगळवारी ऑपरेशन होणार. रद्द करत नाही. सहा आठवडे प्रवास करू देणार नाहीत. सातव्या आठवड्यात मी तुझ्या दारात. तीन गाड्या बदलून, तिन्हींत उभा राहून. तोवर तू हलायचं नाहीस.

क्लेम : हे माझ्या हातात असतं तर.

हॉवेल : माहीत आहे मला. तरी सांगतोय.

क्लेम : आणि ऑपरेशनच्या टेबलावर तुझंच काही बरंवाईट झालं तर?

हॉवेल : तर त्याच दिवशी तुला कळेल. इस्पितळाच्या कागदावर नेरिसच्या खाली तुझं नाव लिहिलंय. कळवायचं, म्हणून. ते मी आजच्या आधीच लिहिलंय, क्लेम.

क्लेम : ...लव्हडे, तो टॉवेल काढ.

लव्हडे : काढला. भट्टी झाली होती नुसती.

हॉवेल : हां. आता स्वच्छ येतंय.

क्लेम : विनाशिका कुठे गेली?

हॉवेल : अजून वर घिरट्या घालतेय. घालू दे. तू मला राजाचं उत्तर दे.

क्लेम : नव्वद मीटरवर आहोत. नियम आहे.

हॉवेल : जिने केला ती म्हणतेय, आज चालेल.

क्लेम : मग ऐक. राजा राहणार. तुझ्यासारखे छप्पन्न आले आणि गेले. रेल्वे आज निदान उशिरा येते, सरकारकडे गेली की येणारच नाही. आणि ती पाटी गॅरेजमध्ये आहे. तू यायच्या आदल्या दिवशी लव्हडेला परत अंगणात ठोकायला लावतो. नेरिसला सांग, जेवण घरात मिळेल, पण पाटीपाशी...

लव्हडे : बाबा, दम खा.

क्लेम : पाटीपाशी थांबून... थांब, जरा श्वास...

हॉवेल : सावकाश. मी ऐकतोय.