न्यूझीलंडचा विमा आणि वरशातला टेम्पो

न्यूझीलंडला जायच्या आधी माझा पाय कसा मोडला, ते तुम्हाला सांगितलंच नाय. तिकडे झोपायची सोय असलेली गाडी भाड्याने घेऊन मी आणि बायको फिरणार होतो. पेणच्या एजंटाकडून प्रवासाचा भक्कम विमाही काढला. गाडीत झोपायची सवय व्हावी म्हणून वरशाला, आमच्या गावच्या घरी, अंगणातच मित्राचा टेम्पो लावून त्यात गादी टाकली. सकाळी उतरताना घसरलो आणि हाड मोडलं.

जाणं पुढे ढकललं. एजंटाला फोन केला, तर तो हळहळला, "काका, विमा देश सोडल्यावर लागू होतो. हाच पाय तिकडे मोडला असता, तर सगळा खर्च मिळाला असता."

बायकोने माझ्या हातातला फोन घेतला.

"भाऊ, यांचा दुसरा पाय अजून शाबूत हाय. तो तिकडे मोडला तर चालेल ना?"