पहिला उतार, डावीकडे

हॅलो?… हो, मीच, अलेइदा… कोण?… अगं जिके, तू होय! जरा मोठ्याने बोल बाई, कानाचं यंत्र स्वयंपाकघरात राहिलंय… नाही गं, झोपेन कशी? सकाळचे दहा वाजलेत. बोल.

पाटीचा मजकूर? वाच की… हं… हं… थांब. साल चुकलंय. ब्याऐंशी नव्हे, एक्याऐंशी. एकोणीसशे एक्याऐंशी, चौदा नोव्हेंबर, शनिवार. माझा भाऊ गेला तो दिवस, तारीख मला नको शिकवूस… हो, लिहून घे. पुढे वाच.

"समुद्र ते बाझल या आपल्या सायकलवाटेचा पहिला प्रवासी, वीबे, याच उतारावर धुक्यात…" काय? पुन्हा म्हण… "धुक्यात वाट चुकून नदीत पडला."

नाही. नाही म्हणजे नाही, जिके. हे चालायचं नाही.

कुणी लिहिलं?… हार्मेनने. आणखी कोण लिहिणार! आणि शनिवारी त्या पाटीवरचं कापड मी ओढायचं? त्याच्या शेजारी उभी राहून? सगळ्या सायकल क्लबासमोर?… चांगल्या मनाने लिहिलंय? हो, मन त्याचं चांगलंच असतं. हाताने काय लिहितो ते बघावं.

तू क्लबात आलीस नव्वद साली. तुला जे सांगितलं तेवढंच तुला माहीत… हो, हो… अगं ऐक ना! मध्ये बोलू नकोस.

ती वाट आम्ही दोघांनी मोजली. हार्मेन आणि मी… हो, मी. त्या वाटेच्या पुस्तकात माझं नाव बारीक अक्षरात आहे, आतल्या पानावर, छापखान्याच्या पत्त्याखाली. आमचं लग्न ठरलं होतं तेव्हा. तेही नाही सांगितलं ना कुणी? हं.

पुढच्या चाकाला टिकटिक करणारा आकड्यांचा डबा. हँडलवर वही बांधलेली. तो पुढून ओरडायचा, "चर्चपाशी उजवीकडे! गाईंचं फाटक, सरळ!" आणि मी एका हाताने लिहायची. पावसात लिहायची, भाकरीचा तुकडा दातांत धरून लिहायची. चोवीस दिवस. समुद्राकडून वर बाझल शहरापर्यंत, नदीच्या काठाकाठाने. त्या बाजूनेच का? वारा पाठीवर असतो म्हणून. दुसरं काय!

पण लोकांना परतही यायचं असतं. बाझलकडून घरी. ती पानं कोण लिहिणार? मी म्हटलं, हार्मेन, उलट जाऊन बघायला हवं. तो म्हणाला, कशाला? डाव्याचं उजवं करायचं, उजव्याचं डावं, झालं! आईच्या टेबलापाशी बसून दोन संध्याकाळींत हजार किलोमीटर उलटे केले त्याने. मी म्हटलं, वाट म्हणजे पॅनकेक आहे का रे, तव्यावर उलटायला?… हस, हस. तेव्हा मीही हसलेच होते.

आता तो नदीकाठचा बांध डोळ्यांसमोर आण. आम्ही फेरीबोटीतून उतरलो, उतार चढून बांधावर आलो, उजवीकडे वळलो. वहीत लिहिलं. शंभरेक पावलांवर नदीकडे जाणारा आणखी एक उतार लागतो, जुन्या वीटभट्टीचा. विटांच्या नावा भरायचे तिथून. आम्हाला काय त्याचं? आम्हाला खाली जायचंच नव्हतं. न लिहिता पुढे गेलो… हो, बरोबर. आता उलट ये. बांधावरून येतेस, नदी डाव्या हाताला. पुस्तक सांगतं, "पहिला उतार डावीकडे घ्या, खाली फेरीबोट." पहिला कोणता येतो?…

हं. कळलं.

वीटभट्टीचा. शेवाळलेले दगड आणि पुढे पाणी. कठडा नाही, काही नाही.

वीबे बावीस वर्षांचा होता. टपालखात्यात होता. पुस्तक आलं त्या दिवशी चार प्रती विकत घेतल्या त्याने, फुकट देत होते तरी. "माझ्या बहिणीचं पुस्तक" म्हणून वाटत सुटला. मग सायकल घेऊन आगगाडीने वाटेवरच्या कोलोनला गेला, तिथून परत यायला. म्हणाला, परतीची पानं मी पहिला चालवून बघतो, ताई. तुमच्याआधी.

नावाडी खाली बोटीत बसला होता. खेइस त्याचं नाव. त्याने धुक्यात सायकलची घंटी ऐकली. मजेत वाजवत येत होता म्हणे. मग वाजायची थांबली. खेइसला वाटलं, पोरगं कुठेतरी डबा खायला थांबलं असेल.

 

पोलिसांनी लिहिलं, धुकं. धर्मगुरू म्हणाले, धुकं. आणि आमचे बाबा मरेपर्यंत सांगत राहिले, "आमच्या वीबेला पहिल्यापासून डावं-उजवं कळायचं नाही. वेंधळा पोरगा." जेवायला बसलं की हेच. आणि मी त्यांना मटाराचं सूप वाढत राहिले, जिके. सोळा वर्षं.

पुढच्या मार्चमध्ये दुसरी आवृत्ती निघाली. तेच पान, तीच ओळ. "पहिला उतार" गेला, "दुसरा उतार" आला. एक शब्द. कुणाला काही न बोलता. मी अंगठी पाकिटात घालून हार्मेनला टपालाने पाठवली. त्याने पोच दिली. कार्डावर! "मिळाली, आभार."

…मग काय व्हायचं? पुस्तकाच्या अकरा आवृत्त्या झाल्या. हार्मेनला पदक मिळालं, बायको मिळाली, तीन नातवंडं झाली. खेइसने बोट विकली आणि सायकली दुरुस्त करू लागला. बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाचे ब्रेक फुकट बघून द्यायचा, गेला बिचारा. आई वीबेनंतर फक्त नऊ वर्षं जगली. मी शाळेत भूगोल शिकवला. पोरांना नकाशे वाचायला शिकवले, मी!… सायकल? पावाच्या दुकानापर्यंत.

कोण बोलतंय गं मागे?… तिथेच आहे तो? इतका वेळ?… मोठ्या आवाजावर ठेवलायस फोन? शाबास, जिके… नाही, बरं केलंस. दे त्याला.

हार्मेन… हो, त्रेचाळीस वर्षं. म्हातारा झाला आवाज तुझा… माझाही, ठाऊक आहे. ते राहू दे. "वाट चुकून" काढ… क्लबाचं नाव खराब होईल? आणि वीबेचं झालं त्याचं काय? त्याला नाव नव्हतं?… मग मी सांगते काय लिहायचं. "पुस्तकात लिहिलं होतं तिथेच तो वळला." एवढंच. धुकंही नको.

काय?… काय म्हणालास?… मोठ्याने म्हण, जिकेला ऐकू दे.

…

हो. टाइप मीच केलं. परतीची सगळी पानं मीच. बघितल्याशिवाय… हो, कुणी तपासलं नाही हे माहीत होतं मला. तू म्हणालास म्हणून… नाही, खोटं कशाला बोलू आता? तू म्हणालास म्हणून नव्हे. मलाच कंटाळा आला होता. परत यायचं म्हणजे समोरून वारा, पुन्हा चोवीस दिवस. मी म्हटलं, मरू दे, असेल बरोबर. आणि पुढे बाबांना सांगायचं तर तुझ्याबरोबर माझंही नाव निघालं असतं. म्हणून सूप वाढत बसले. विचारलंस ना? हे घे उत्तर.

म्हणूनच म्हणते, त्या ओळीखाली दोघांची नावं घाल. तुझं आणि माझं. सारख्या अक्षरात… कोण ओळखतंय आता आपल्याला? काय जाणार आहे आपलं?… हार्मेन?… बोल ना.

…कोण, जिके? उठून गेला?… हं.

नाही, कापड मी ओढणार नाही. दुसरं कुणी बघ… येणार तर! न यायला काय झालं? वीटभट्टीच्या उतारावर खाली, पाण्यापाशी उभी राहीन, तुमचं भाषण चालू असेल तेव्हा. कुणी विचारलं, आजी, इथे काय झालं, तर सांगेन. पहिल्यापासून सांगेन, टाइप कुणी केलं तेही.

पाटी कोरणाऱ्याला मजकूर कधी द्यायचाय?… आज चारपर्यंत? मग अजून वेळ आहे त्याला… नाही, काय ठरलं ते मला नको कळवूस. शनिवारी वाचेन. ठेवते, जिके.